चिनी गाडीचा ब्रँड देशी की भागीदारीतला? ओळखायचं कसं

चिनी मोटारींच्या बातम्या नव्याने वाचायला लागलेल्या माणसाला पहिली ठेच बहुतेक वूलिंगपाशी लागते. एका बातमीत वूलिंगचं नाव चीनच्या देशी ब्रँडांच्या यादीत असतं, दुसरीत तीच कंपनी जनरल मोटर्सची भागीदार म्हणून येते. वाचक धरून चालतो की दोन्हींपैकी एक बातमी चुकलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर असतात.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे, वाहन अभियांत्रिकी शिकणारे आणि वाहन कंपन्यांच्या शेअरवर नजर ठेवणारे, या सगळ्यांना आता चिनी कंपन्यांची नावं टाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी ही पद्धत पायरीपायरीने देतो. इथे ‘देशी’ हा शब्द चीनच्या हिशेबाने वापरला आहे, म्हणजे चिनी मालकीचा ब्रँड. जॉइंट व्हेंचरला, म्हणजे दोन किंवा अधिक कंपन्यांनी भागीदारीत काढलेल्या कंपनीला, आपल्याकडे सगळे जेव्ही म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पायरी १ : एका प्रश्नाचे दोन प्रश्न करा

‘हा ब्रँड देशी की जेव्ही?’ या प्रश्नातच घोळ आहे. देशीपणा ठरतो ब्रँडचा, जेव्ही असते कंपनी. म्हणून वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात ‘बॅज (गाडीवरचं ब्रँडचं चिन्ह) कुणाचा?’, दुसऱ्यात ‘गाडी बनवणारी कंपनी कुणाकुणाची?’

टोयोटा कोरोला घ्या. बॅज जपानी, बनवणारी कंपनी म्हणजे एफएडब्ल्यू ही चिनी सरकारी कंपनी आणि टोयोटा यांची भागीदारी. चिनी लोक हिला सरळ जेव्हीची गाडी म्हणतात. बीवायडीची कुठलीही साधी गाडी घ्या, बॅज चिनी आणि कंपनीही चिनी, म्हणजे देशी. शांघायमध्ये बनलेल्या टेस्लाचा बॅज अमेरिकी आणि कंपनी पूर्णपणे टेस्लाचीच, तिथे चिनी भागीदार नाही. ती देशीही नाही, जेव्हीही नाही, आणि चीनमध्येच बनल्यामुळे आयात केलेलीही नाही. वूलिंगचा बॅज चिनी पण कंपनी जेव्ही.

दोनच रकान्यांतून हे चार प्रकार निघतात. ‘मेड इन चायना’ आणि ‘चिनी ब्रँड’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे टेस्लामुळे कायमचं लक्षात राहतं.

पायरी २ : जेव्ही आल्या कुठून, ते एकदा नीट वाचा

हा भाग कंटाळवाणा समजून पुष्कळजण गाळतात. पण नियम माहीत नसेल तर पुढची निम्मी उदाहरणं विचित्र वाटतील.

१९८० च्या दशकात चीनकडे आधुनिक कार बनवण्याचं तंत्र जवळपास नव्हतं. होंगछी ही एफएडब्ल्यूची मोठी काळी गाडी १९५८ पासून बनत होती, पण ती सरकारी बड्या लोकांसाठी. परदेशी कंपन्यांना आत घ्यायचं, पण कारखाना त्यांच्या एकट्याच्या हाती द्यायचा नाही, असा मार्ग सरकारने काढला. १९८३ मध्ये अमेरिकन मोटर्सबरोबर बीजिंग जीपचा करार झाला, १९८४ मध्ये फोक्सवॅगनबरोबर शांघायचा. शांघायच्या त्या कारखान्यातली सांताना पुढे कित्येक वर्षं चिनी शहरांत टॅक्सी म्हणून धावली.

१९९४ च्या वाहनउद्योग धोरणाने हे पक्कं केलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीत परदेशी भागीदाराचा वाटा जास्तीत जास्त ५० टक्के. शिवाय एका परदेशी कंपनीला एकाच प्रकारच्या गाड्यांसाठी चीनमध्ये दोनपेक्षा जास्त जेव्ही करता येत नव्हत्या. आपल्याकडे वाहनक्षेत्रात १०० टक्के परदेशी गुंतवणूक चालते. चाकणला किंवा श्रीपेरुंबुदूरला परदेशी कंपनी स्वतःच्या नावाने कारखाना टाकते आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही, त्यामुळे चीनचा हा नियम आपल्या मनात चटकन बसत नाही.

दोनच्या मर्यादेचा एक परिणाम रस्त्यावर आजही दिसतो. परदेशी कंपनीच्या दोन जेव्ही, दोघींनाही विकायला गाडी हवी, म्हणून एकच गाडी दोन नावांनी येते. टोयोटाची आरएव्ही४ एफएडब्ल्यू-टोयोटाकडे आहे, आणि तिचीच बहीण वाइल्डलँडर जीएसी-टोयोटाकडे (जीएसी आणि डाँगफेंग याही चिनी कंपन्या). होंडाची सिव्हिक डाँगफेंग-होंडाची, तर तिच्यावरून काढलेली इंटेग्रा जीएसी-होंडाची. फोक्सवॅगनची पसाट शांघायच्या जेव्हीची आणि मॅगोटान छांगछुनच्या, म्हणजे एफएडब्ल्यूबरोबरच्या जेव्हीची.

मग हा बांध टप्प्याटप्प्याने सोडला. २०१८ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी, २०२० मध्ये व्यापारी वाहनांसाठी आणि १ जानेवारी २०२२ पासून सगळ्या प्रवासी कारसाठी मर्यादा उठली. टेस्लाचा शांघायचा कारखाना २०१९ मध्ये भागीदाराशिवाय उभा राहू शकला तो यामुळेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने शेनयांगच्या जेव्हीतला आपला वाटा ५० वरून ७५ टक्क्यांवर नेला. म्हणून ‘जेव्ही म्हणजे अर्धा-अर्धा वाटा’ असं आता डोळे मिटून म्हणता येत नाही.

पायरी ३ : गाडी समोर असेल तर मागून बघा

चीनमध्ये गेलात, किंवा तिथल्या गाडीचा नीट फोटो मिळाला, तर डिकीचं झाकण पाहा. बनवणाऱ्या कंपनीचं नाव चिनी लिपीत मागे लावायचा नियम २००६ पासून लागू झाला. उजवीकडे सहसा मॉडेलचं नाव असतं आणि डावीकडे ही चिनी अक्षरं. फोक्सवॅगनवर ‘शांग-छी’ने सुरुवात असेल तर शांघायची जेव्ही, ‘ई-छी’ असेल तर छांगछुनची. ‘ई’ची खूण तर चिनी न येणाऱ्यालाही कळते, कारण ती फक्त एक आडवी रेघ आहे. चिनी भाषेत एक हा आकडा असाच लिहितात, आणि एफएडब्ल्यू म्हणजे ‘पहिला मोटार कारखाना’.

मात्र मागे दोन नावं दिसली म्हणून जेव्ही, असं लगेच लिहू नका. एनआयओच्या सुरुवातीच्या गाड्या हफेई शहरात जेएसी या कंपनीच्या कारखान्यात बनत. मागे जेएसी आणि एनआयओ अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी असत. ते नुसतं बनवून देण्याचं कंत्राट होतं आणि दोन्ही कंपन्या चिनीच होत्या. नवख्याला ती जेव्हीची पाटी वाटते, पण एनआयओ सुरुवातीपासून देशीच आहे.

काही नव्या गाड्यांवर ही अक्षरं दिसत नाहीत. तिथे पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा १७ अक्षरी चासी नंबर उपयोगी पडतो. पहिलं अक्षर ‘एल’ म्हणजे गाडी चीनमध्ये बनली. पहिली तीन अक्षरं मिळून बनवणारी कंपनी सांगतात. एल-एस-व्ही शांघायची फोक्सवॅगन जेव्ही, एल-एफ-व्ही छांगछुनची, एल-आर-डब्ल्यू टेस्ला शांघाय, एल-झेड-डब्ल्यू वूलिंगची जेव्ही. यातून दुसरा रकाना भरतो. पहिला, म्हणजे बॅजचा मालक, चासी नंबर सांगत नाही.

पायरी ४ : कुठला वाटा मोजायचा, कुठला सोडायचा

शेअरबाजाराची सवय असलेले लोक इथे फसतात. बीवायडीचे शेअर हाँगकाँगमध्ये विकले जातात आणि वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेने २००८ मध्ये त्यात सुमारे १० टक्के वाटा घेतला होता. त्याने बीवायडी जेव्ही झाली नाही. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये एक्सपेंगमध्ये ५ टक्क्यांहून किंचित कमी वाटा घ्यायचं ठरवलं, तरी एक्सपेंग देशीच. जीप, फियाट या ब्रँडांची मालक असलेल्या स्टेलांटिसने त्याच वर्षी लीपमोटर या चिनी कंपनीमध्ये दीड अब्ज युरो घातले आणि जवळपास २१ टक्के वाटा घेतला, तरी चीनमध्ये लीपमोटर देशीच मोजतात.

म्हणजे गुंतवणूक वेगळी आणि जेव्ही वेगळी. दोन वाहन कंपन्यांनी मिळून, गाड्या बनवण्यासाठी, स्वतंत्र कंपनी काढली असेल तरच जेव्ही लिहा. लीपमोटरचंच पुढचं पान बघा. चीनबाहेर तिच्या गाड्या विकण्यासाठी लीपमोटर इंटरनॅशनल नावाची वेगळी कंपनी आहे, तिच्यात ५१ टक्के स्टेलांटिसचे. चीनमध्ये देशी आणि युरोपात जेव्हीमार्फत विकलेली, बॅज मात्र एकच. म्हणून वहीत देशाचा रकानाही ठेवा.

सरकारी की खासगी, याचाही इथे संबंध नाही. एसएआयसी शांघाय सरकारच्या मालकीची, बीवायडी, जीली आणि ग्रेट वॉल खासगी. यांचे स्वतःचे ब्रँड सगळे देशीच. एकट्या एसएआयसीच्या छपराखाली सगळे प्रकार नांदतात. रोवे आणि एमजी तिचे स्वतःचे, फोक्सवॅगन आणि ब्यूइक जेव्हीतले, आणि वूलिंग आपल्या त्या अधल्यामधल्या प्रकारातली. त्यामुळे ‘एसएआयसीची गाडी’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही.

पायरी ५ : वूलिंगची गाठ सोडवा

हे एक उदाहरण पूर्ण समजलं की बाकीची आपोआप सुटतात, म्हणून इथे थोडं थांबू.

वूलिंगचं गाव ल्यूचौ, दक्षिणेतल्या क्वांगशी प्रांतात. तिथला एक ट्रॅक्टर कारखाना १९८० च्या दशकात मित्सुबिशीच्या छोट्या ट्रकवरून स्वतःचा ट्रक बनवू लागला, आणि त्यातून वूलिंग हे नाव उभं राहिलं. २००२ मध्ये एसएआयसी, जनरल मोटर्स आणि वूलिंग अशी तिघांची कंपनी झाली. आज तिच्यात एसएआयसीचे ५०.१ टक्के, जनरल मोटर्सचे ४४ टक्के आणि मूळच्या वूलिंगवाल्यांचे ५.९ टक्के आहेत. कागदावर ही शंभर टक्के जेव्ही.

पण ती विकते काय? गावोगावच्या दुकानदाराच्या मालाच्या छोट्या व्हॅन, आणि २०२० पासून होंगक्वांग मिनी ही इवलीशी इलेक्ट्रिक गाडी. या गाड्यांवर जनरल मोटर्सच्या शेव्हरलेटचा नव्हे, वूलिंगचा बॅज. तो बॅज ल्यूचौचा आहे, गाड्यांची आखणी तिथली आहे आणि कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा एसएआयसीचा आहे. त्यामुळे चीनची वाहन उत्पादक संघटना वूलिंगचा खप देशी ब्रँडमध्ये धरते. २०१० मध्ये याच जेव्हीने बाओजुन हा नवा ब्रँड काढला, तोही देशीतच जातो.

वहीत नोंद अशी करा : बॅज चिनी, कंपनी जेव्ही, मोजणी देशीत.

वूलिंगसारखं आणखी एक कुटुंब आहे, जेव्हीने स्वतः जन्माला घातलेले ब्रँड. डाँगफेंग आणि निसानच्या जेव्हीने व्हेनुशिया काढला, जीएसी-होंडाने एव्हरस. चिनी बॅज, पण आतलं तंत्र बव्हंशी परदेशी भागीदाराच्या जुन्या गाड्यांचं. यांना ‘जेव्हीचे देशी ब्रँड’ असं वेगळंच नाव चीनमध्ये पडलं आहे, आणि यांना देशी म्हणावं का यावर तिथेही वाद झाले. माझं मत विचाराल तर बॅजच्या रकान्यात चिनी लिहा, पण शेजारी तंत्र कुणाचं ते जरूर लिहा. सुटे भाग पुरवणाऱ्याला तेच कामाचं असतं.

पायरी ६ : परदेशी नाव, चिनी मालक

आता उलट बाजू. एमजी हे १९२० च्या दशकातलं ऑक्सफर्डचं इंग्रजी नाव. एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये बुडाली, नानजिंग ऑटोमोबाइलने तिची मालमत्ता घेतली, आणि २००७ च्या अखेरीस नानजिंगलाच एसएआयसीने आपल्यात घेतलं. ब्रिटिश भागीदार कुणी उरलाच नाही, त्यामुळे जेव्हीचा प्रश्नच येत नाही. चीनमध्ये एमजी देशी.

व्होल्व्होचं मात्र तसं नाही. जीलीने २०१० मध्ये ती फोर्डकडून घेतली. मालक चिनी, पण ब्रँड स्वीडनचा, मुख्यालय गोथेनबर्गला. चीनच्या नियमांनी व्होल्व्होला परदेशी कंपनीच मानलं, त्यामुळे चीनमध्ये गाड्या बनवायला व्होल्व्होला आपल्याच मालकाशी, जीलीशी, जेव्ही करावी लागली! मर्यादा उठणार हे दिसल्यावर २०२१ मध्ये व्होल्व्होने तो वाटा विकत घ्यायचं जाहीर केलं. म्हणून ‘मालक चिनी म्हणजे देशी’ हा सोपा नियम व्होल्व्होला लागत नाही. चिनी ग्राहक तिला मर्सिडीज-ऑडीच्या रांगेतली परदेशी आलिशान गाडी समजतो.

स्मार्ट ही गाड्यांची कंपनी २०२० पासून मर्सिडीज-बेंझ आणि जीलीची निम्म्या-निम्म्या वाट्याची जेव्ही आहे. आखणी मर्सिडीजची, आतला सांगाडा जीलीचा. लिंक अँड को जीली आणि व्होल्व्होने मिळून काढली, पण दोघी एकाच घरच्या, त्यामुळे ती देशीत धरतात.

पायरी ७ : प्रत्येक नोंदीपुढे वर्ष टाका

डेन्झा हे नाव जुन्या लेखात ‘बीवायडी-डाइमलर जेव्ही’ म्हणून सापडेल (डाइमलर म्हणजे मर्सिडीजची कंपनी). २०१० मध्ये ती तशीच निघाली, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. २०२२ मध्ये जर्मन वाटा १० टक्क्यांवर आला आणि २०२४ मध्ये उरलेलाही बीवायडीने घेतला. आज डेन्झा पूर्ण देशी आहे. बॅज तोच, उत्तर वेगळं. सुझुकीने २०१८ मध्ये चांगान या चिनी कंपनीबरोबरचा वाटा सोडून चीन सोडला. अशा गोष्टी वर्षाशिवाय लिहिल्या तर नोंद दोन वर्षांत चुकीची ठरते.

पायरी ८ : टक्केवारी वाचताना मोजणारा कोण ते पाहा

चीनची वाहन उत्पादक संघटना प्रवासी गाड्यांची विभागणी ब्रँडच्या देशावरून करते. चिनी, जर्मन, जपानी, अमेरिकी वगैरे. तिच्या हिशेबात चिनी ब्रँडांचा वाटा २०२० मध्ये ३८.४ टक्के होता, २०२३ मध्ये ५६ आणि २०२४ मध्ये ६५.२. हा बदल प्रचंड आहे. चाळीस वर्षं ज्या जेव्हींनी चिनी बाजार चालवला, त्या चार वर्षांत मागे पडल्या. पण या ६५.२ मध्ये वूलिंगसारख्या जेव्हीतल्या गाड्याही आहेत, म्हणून उरलेले टक्के म्हणजे ‘सगळ्या जेव्ही’ असा अर्थ काढू नका. उरलेल्यात टेस्लाही बसते.

प्रवासी कारची दुसरी संघटना देशी, मुख्य प्रवाहातली जेव्ही आणि आलिशान असे तीन गट करते. तिथे बीएमडब्ल्यू जेव्हीत शोधाल तर सापडणार नाही, ती आलिशान गटात असते. दोन संघटनांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नयेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

पायरी ९ : भारताच्या हद्दीत आलात की वही नव्याने उघडा

चीनमध्ये देशी असलेली एमजी भारतात जेव्ही आहे. २०२४ पासून मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचा तिच्यात ३५ टक्के वाटा आहे आणि कंपनीचं नावच जेएसडब्ल्यू एमजी मोटर इंडिया. गाड्या गुजरातमधल्या हालोलला बनतात, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात.

पुण्यामुंबईच्या रस्त्यावर दिसणारी, तीन मीटरहूनही आखूड, दोन दारांची एमजी कॉमेट जवळून बघा. ती मुळात वूलिंग एअर आहे. विंडसर म्हणजे वूलिंग क्लाउड. २०१९ ची हेक्टर चीनमध्ये बाओजुन ५३० होती, इंडोनेशियात वूलिंग अल्माझ आणि थायलंडमध्ये शेव्हरलेट कॅप्टिव्हा. म्हणजे इंग्रजी नाव, चिनी मालक, अमेरिकी भागीदार असलेल्या ल्यूचौच्या जेव्हीतली आखणी, आणि भारतातल्या जेव्हीत जुळणी. पाचव्या पायरीवर वूलिंगपाशी का थांबलो, ते इथे कळेल.

बीवायडी भारतात मात्र भागीदाराशिवाय आहे.

मालकी कुणाची हा प्रश्न इथे नुसता माहितीचा राहत नाही. एप्रिल २०२० पासून, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्र सरकारची आगाऊ परवानगी लागते. ग्रेट वॉलने त्याच वर्षीच्या जानेवारीत जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचं ठरवलं होतं. परवानगी आली नाही, जून २०२२ च्या अखेरीस करार संपला, आणि पुढच्या वर्षी तो कारखाना ह्युंदाईने घ्यायचं ठरवलं. तळेगावच्या कामगारांची आणि आसपासच्या पुरवठादारांची मधली वर्षं त्यात गेली, हे वाहनउद्योगात शिरणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने माहीत करून घ्यायला हवं.

सरावासाठी एक अवघड उदाहरण

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली. तिची चेरी या चिनी कंपनीबरोबर चीनमध्ये निम्म्या-निम्म्या वाट्याची जेव्ही आहे, छांगशूचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये दोघांनी जाहीर केलं की लँड रोव्हरचं जुनं फ्रीलँडर हे नाव या जेव्हीला वापरायला द्यायचं आणि त्या नावाच्या इलेक्ट्रिक गाड्या चेरीच्या सांगाड्यावर बनवायच्या. वही काढा. बॅजचा मालक : ब्रिटनची जॅग्वार लँड रोव्हर, म्हणजे शेवटी मुंबईची टाटा. कंपनी : जेव्ही. तंत्र : चेरीचं, म्हणजे चिनी. देश : चीन. वर्ष : २०२४ चा करार. आता मोजणीच्या रकान्यात काय लिहाल? बॅज परवान्यावर दिलेला आहे, विकलेला नाही, म्हणून माझ्या वहीत ती जेव्हीच्या गाड्यांत आहे आणि शेजारी ‘तंत्र देशी’ अशी नोंद आहे. बॅज उद्या चेरीने विकत घेतला, तर पहिला रकाना बदलेल आणि त्यामागोमाग मोजणीचाही.